कवड्या की मण्यार

बरणी खिडकीच्या फळीवर ठेवताना तो हसला, आणि डिंपल गहाणे क्षणभर बरणीकडे पाहायचंच विसरली.

सन दोन हजार तीन. पोळा होऊन तीन दिवस झाले होते. सकाळपासून रिपरिप चालली होती. त्याचे केस ओले होते आणि शर्टाची एकच बाही ओली होती… बहुधा एसटीच्या खिडकीशी बसून आला असावा. बरणी लोणच्याची, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत तपकिरी अंगावर पांढरे पट्टे असलेला हातभर साप वेटोळं करून बसला होता.

"मॅडम, हा विषारी हाय का?" त्यानं विचारलं. जसं काही हे वांगं गोड आहे का, असं विचारत होता.

चंद्रपूरच्या त्या निसर्ग संग्रहालयात डिंपल प्रयोगशाळेची प्रमुख होऊन दोन वर्षं झाली होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, आणि तिची पुढची भिंत सगळी काचेची. आत डिंपल आणि तिच्या हाताखालची माणसं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून आलेले किडे, बेडूक, मासे, साप ओळखायची, त्यांच्या नोंदी करायची. बाहेरून शाळेची पोरं काचेला नाक लावून बघायची. काचेत एक छोटी खिडकी होती. ती मात्र डिंपलची कल्पना. ज्याला जे सापडेल ते त्यानं घेऊन यावं, हे काय आहे ते विचारावं, उत्तर तिथल्या तिथे मिळेल. संचालक साहेब आधी कुरकुरले होते. पण आता दिवसाला पंधरा-वीस माणसं यायची. कुणी धानावरची कीड आणायचं, कुणी मेलेलं वटवाघूळ, कुणी पोराच्या कानातून निघालेला किडा.

डिंपल सगळ्यांना पटापट उत्तरं द्यायची. कुरखेड्याच्या धानशेतीतल्या घरातली ही मुलगी, वय सव्वीस. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की अजून तिच्या पोटात गोळा यायचा. तो कुणाला दिसू नये म्हणूनच ती इतकी झरझर बोलायची. 'माहीत नाही' हे शब्द तिनं त्या खिडकीत कधी उच्चारले नव्हते.

तिनं बरणी उजेडात धरली. पट्टे मानेपासूनच सुरू होत होते. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची रांग नव्हती. डोकं चपटं.

"कवड्या," ती म्हणाली. "बिनविषारी. लोक याला मण्यार समजून मारतात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात, आणि जोडीजोडीनं असतात. हा पाली खातो, बस्स."

"मंग मी मरत नाई म्हणता."

"म्हणजे? चावला तुम्हाला?"

त्यानं चपलेतून उजवा पाय काढून वर धरला. करंगळीच्या शेजारच्या बोटावर दोन टिपके, डास चावल्यापेक्षाही बारीक. सूज नव्हती. पहाटे घरात जमिनीवर झोपलेला असताना काहीतरी टोचलं, असं त्यानं सांगितलं. सकाळी अंगणात लाकडं उचलली तर हा निघाला. आई वैदूकडे चल म्हणत होती. पण त्याला आज मत्स्यबीजाच्या कामासाठी चंद्रपूरला यायचंच होतं, आणि पेपरात या खिडकीबद्दल वाचलं होतं… मग म्हटलं, पाहुण्यालेबी संग घेऊन जाऊ.

डिंपलनं हे सगळं नोंदवहीत लिहिलं. नाव – धनराज डोमाजी नागापुरे, वय अठ्ठावीस, गाव वैनगंगेच्या काठी, व्याहाडच्या पुढे. धंदा – मासेमारी, गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. लिहिताना तो आपल्याकडे पाहतोय हे तिला वर न बघताही कळत होतं. कान गरम झाले.

"घाबरू नका," ती म्हणाली. "काही होणार नाही तुम्हाला."

"तुमी सांगतलं तं नाई होणार."  मग तो खिडकीतून आतल्या फळीवरच्या माशांच्या बरण्यांकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "एक सांगू? राग नका येऊ द्या. त्या दोन बरण्याइच्या चिठ्ठ्या बदलल्या हायेत. वाघुराच्या पाठीवर शेपटीवरी लांब पर असते. शिंगुराले नाई राहत. तुमी वाघुराले शिंगूर करून ठेवलं."

डिंपलला राग आलाच. गेलं वर्षभर त्या बरण्या हजारो लोकांनी पाहिल्या होत्या. तपासून बघू, असं ती तुटकपणे म्हणाली. त्यानं मान डोलावली, पुन्हा तसंच हसला, आणि साप तिच्याकडेच सोडून निघून गेला. तो दाराबाहेर जाईपर्यंत ती बघत होती. मग मुकाट्यानं फळीजवळ गेली.

चिठ्ठ्या खरंच बदललेल्या होत्या.

ती बराच वेळ त्या दोन माशांसमोर उभी राहिली. चूक लहान होती, सुधारायला एक मिनिट लागलं असतं. पण वर्षभर आपण रोज इथून ये-जा केली आणि आपल्याला दिसलं नाही… मग आज घाईत आणखी काय दिसलं नाही? ती टेबलापाशी परतली आणि आपल्याच हातची नोंद वाचू लागली. चावा – पहाटे, घरात, जमिनीवर झोपलेला असताना. साप सापडला – सकाळी, अंगणात, लाकडांखाली.

तिनं बरणी पुन्हा पुढ्यात ओढली.

बरणीतला साप कवड्याच होता. तिनं भिंग लावून पुन्हा पाहिलं, त्याबद्दल शंका नव्हती. पण त्याला चावलेला साप हाच, हे कुणी सांगितलं होतं? त्यानं नाही. तिनंच ते धरून घेतलं होतं. पावसाळ्यात पहाटे घरात शिरून, जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याच्या नकळत चावणारा साप कुठला, हे तिनं किती शाळांमधून सांगितलं होतं. मण्यारीचा चावा दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसेल न दिसेल. आणि मग कित्येक तासांनी एकदम…

फारूकभाऊ, प्रयोगशाळेत पेट्या-बरण्यांचं काम बघणारे वयस्क सुतार, तिचा चेहरा बघून उठून उभे राहिले. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी काही न विचारता आपली लुना काढली.

एसटी स्टँडवर व्याहाडवरून जाणारी गडचिरोलीची बस फाटकातून बाहेर पडतच होती. फारूकभाऊंनी लुना सरळ तिच्यासमोर नेऊन उभी केली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबत दोघांचा उद्धार केला, तेवढ्यात डिंपल आत चढलीसुद्धा.

धनराज मागून तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की तिला बोलणं जड गेलं.

"वाघुरासाठी आल्या?"

ती त्याच्या शेजारी बसली आणि धापा टाकत सगळं सांगितलं. खाली उतरू, इथेच मोठा दवाखाना आहे, रात्रभर नुसतं नजरेखाली ठेवतील. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, आत्ता तर तुम्ही काही होत नाही म्हणालात. आठ तास होत आले, काय व्हायचं ते झालं नसतं का? घरी बाप वाट पाहत असेल. तिनं पुन्हा समजावलं. तो पुन्हा हसला. वाटेत मूल गावी दवाखाना आहे, काही वाटलं तर तिथे उतरू, असा त्यानं तोडगा काढला. आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. डिंपलला वाटलं, ओरडावं, बस थांबवावी, याचा हात धरून ओढत न्यावं. पण तिची स्वतःचीच खात्री अर्धी होती… आणि लोक बघत होते. कंडक्टर आला. तिनं मूलचं तिकीट काढलं.

ती माघार तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली. चंद्रपुरातच उतरवलं असतं तर.

बस जंगलात शिरली. दोन्ही बाजूंनी ओले साग, त्यांची पानं काचेवर सपकन आपटत होती. डिंपल त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. पापण्या. पहिली खूण पापण्यांवर दिसते.

"मॅडम, इतकं टक लावून काऊन पाहून राह्यल्या?"

"बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही. मला ऐकायचंय."

त्याला काय वाटलं कोण जाणे, तो बोलत राहिला. नदीबद्दल बोलला. पुराचं पाणी उतरायला लागलं की डोंगा घेऊन पहाटे निघायचं, धुक्यात दुसरा डोंगा दिसत नाही, नुसतं गाणं ऐकू येतं, त्यावरून कोण आहे ते ओळखायचं. बी.ए. केलं पण मन पाण्यातच. आई मुली दाखवते, पण मुलींना माशाचा वास नको असतो.

"तुमाले चालतो का वास?"

"मी दिवसभर मेलेल्या माशांत असते," ती म्हणाली.

तो खूप हसला. हसताना मध्येच त्यानं पोटावर हात दाबला.

"काय झालं?"

"काई नाई. पोट दुखून राह्यलं सकायपासून. पोळ्याचे वडे जास्त झाले."

डिंपल सरळ बसली. मण्यारीच्या चाव्यानंतर आधी पोटच दुखतं. ती काही बोलणार तेवढ्यात त्यानं डोकं मागे टेकलं आणि तिच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्याची पापणी निम्म्यावर आली होती.

"तुमाले पाहून पाहून डोये जड झाले," तो म्हणाला. 'जड' हा शब्द त्याच्या जिभेवर लोळला, चिकटला.

या वेळी ती लोकांची पर्वा न करता उठली. ड्रायव्हरपाशी जाऊन तिनं सांगितलं, आता कुठेही थांबायचं नाही, सरळ मूलचा दवाखाना. मघाशी शिव्या देणाऱ्या त्या माणसानं आरशातून मागे एकदा पाहिलं आणि गियर बदलला. वाटेत फाट्याफाट्यावर हात केलेली माणसं भिजत मागे राहिली. कुणी तक्रार केली नाही. एका बाईनं आपली घोंगडी काढून धनराजच्या अंगावर घातली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, शाजिया नावाची, डिंपलच्याच वयाची. बाकड्यावर त्याला ठेवलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि छाती उथळ हलत होती.

"कुठला साप?" डॉक्टरांनी विचारलं.

बसमधली माणसं दारात उभी होती. डिंपल त्यांच्यासमोरच बोलली.

"मण्यार. मी त्यांना कवड्या सांगितलं होतं… माझं चुकलं."

डॉक्टरांनी फक्त मान हलवली. इंजेक्शनच्या बाटल्या सलाईनमधून सुरू झाल्या. थोड्या वेळात छाती हलायची जवळजवळ थांबली, तेव्हा त्यांनी त्याच्या घशात नळी घातली आणि तिला रबरी फुगा जोडला. दाबला की हवा आत, सोडला की बाहेर. यंत्र इथे नाही, त्यांनी सांगितलं, चंद्रपूरला परत न्यावं लागेल. तोवर हा फुगाच त्याची छाती. दवाखान्याचे जुने कर्मचारी लटारूभाऊ बरोबर येतील. त्यांचे हात दुखले की तुम्ही. आणि एक लक्षात ठेवा.

"हा बेशुद्ध नाही. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, पण याला सगळं ऐकू येतं. आत तो एकटा आहे आणि घाबरलेला आहे. बोलत राहा त्याच्याशी."

परतीचा तोच रस्ता, तीच झाडं. दवाखान्याच्या जीपमध्ये धनराज आडवा, त्याच्या डोक्याशी डिंपल. लटारूभाऊंनी तिला शिकवलं – घाई करायची नाही, एक, दोन, तीन, चार, दाब. एक, दोन, तीन, चार, दाब. पहिल्यांदा फुगा हातात घेतला तेव्हा तिला वाटलं, आपल्याला शिंक आली तर? हात घसरला तर? दोन दाबांमधल्या त्या चार अंकांत हा माणूस असतो की नसतो?

चिचपल्ली गावाच्या अलीकडे नाल्याचं पाणी रपट्याच्या बुटक्या पुलावरून वाहत होतं. जीपचा ड्रायव्हर झिंगू खाली उतरून काठीनं पाणी मोजून आला. जरा थांबावं लागेल, म्हणाला. किती, ते कुणालाच सांगता येईना. इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत पावसाचा आणि फुग्याचा आवाज तेवढा राहिला. लटारूभाऊ खाली पाणी बघायला गेले.

डिंपल बोलू लागली. आधी शुद्ध भाषेत, खिडकीतल्यासारखी. मग तिचं तिलाही कळलं नाही, तिच्या तोंडून कुरखेड्याची, घरची बोली यायला लागली.

"धनराजभाऊ… नाई, भाऊ नाई म्हणत. धनराज. आयकून राह्यले ना तुमी? गाडी नाल्यापाशी थांबली हाय. पाणी उतरलं का निघू. मी इथीच हावो. भेव नका करू. मलेच लय भेव लागून राह्यलं."

एक, दोन, तीन, चार, दाब.

"तुमचं बरोबर होतं, चिठ्ठ्या बदलल्याच होत्या. मी तपासलं. आन् दुसरं सांगतो, ते कोणाले नाई सांगतलं. मी घाई काऊन केली, मालूम हाय? तुमी हासले ना, तं मले वाटलं का आपण लय हुशार दिसलो पाह्यजे. एवढ्यासाठीच. पुढचं काई विचारलं नाई. तुमी पुन्हा हासावं म्हून मी तुमाले बिनविषारी सांगतलं."

ती रडत होती, पण हात थांबू दिले नाहीत.

"आता तुमी मेले तं मी कोणापाशी माफी मागू? आन् नाई मेले तं… तं मले तुमच्या नदीवर याचं हाय. धुक्यात. आयकून राह्यले ना?"

धनराजचा चेहरा जसाच्या तसा होता. मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक थेंब कानाकडे ओघळला. पाऊस टपातून गळत होता, त्यामुळे ते काय होतं हे तिला ठरवता आलं नाही.

चाळीस मिनिटांनी पाणी उतरलं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याला यंत्र लावलं. त्यानंतरचे दिवस डिंपल वऱ्हांड्यातल्या बाकावर होती. दुसऱ्या दिवशी त्याचे आईबाप आले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं, काहीही न वगळता. बाप डोमाजी नागापुरे बाकावर जरा सरकले. मग म्हणाले, "पोरी, सांगतलं नसतं तं आमाले का समजलं असतं? बस इथी." आई रुखमाबाई मात्र उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. दोन दिवस त्यांनी डिंपलकडे पाहिलंही नाही. ती आली की पदर तोंडाशी धरून त्या पलीकडे वळायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला, भात दोन झाकणांत वाढला आणि एक झाकण तिच्याकडे सरकवलं. डिंपलला घास उतरेना. रुखमाबाई समोर बसून राहिल्या, ती संपवेपर्यंत.

चौथ्या दिवशी त्याच्या डाव्या हाताचं बोट हललं. सहाव्या दिवशी डोळे उघडले. आठव्या दिवशी नळी काढली, आणि नर्सनं बाहेर येऊन सांगितलं की पेशंट बोलतोय, आणि मॅडमला विचारतोय.

डिंपल उठली आणि जिन्यानं खाली उतरून निघून गेली.

तो मेला नाही, आता तिला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. त्यानं ते सगळं ऐकलं होतं. मेलेल्या शांततेत बोललेलं सगळं, जिवंत डोळ्यांनी आता तो परत तिच्यासमोर ठेवणार होता. ती पुन्हा दवाखान्यात गेली नाही. खबर फारूकभाऊ आणायचे – आज बसला, आज चालला, आज सुट्टी झाली. खिडकीला तिनं आतून पुठ्ठा लावला, आणि संचालक साहेबांना पत्र लिहिलं की ही सेवा बंद करावी, आपल्याला या कामावरून मोकळं करावं. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि महिन्याभरानं पुन्हा आणून द्या, एवढंच म्हणाले.

महिना व्हायच्या आत धनराज आला.

वाळला होता, गालाची हाडं वर आली होती. तो काचेबाहेर उभा राहिला, शाळेच्या पोरांच्या मधोमध, आणि पुठ्ठ्यावर बोटानं टकटक केली. आतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. फारूकभाऊंना अचानक गोदामात काहीतरी काम आठवलं. डिंपलनं पुठ्ठा काढला. 

"बंद काऊन केली?" त्यानं विचारलं.

"माझं चुकलं तर माणूस मरतो."

"मी तं इथी हावो." आवाज अजून घोगरा होता, नळीनं खरवडलेला. "आमच्या बाजूच्या गावात मागच्या आठवड्यात एक बाई गेली, कमला. झोपेतच चावला. तिले सांगाले कोणी नव्हतं. ही खिडकी उघडी पाह्यजे. एक पाटी लावा तेवढी – साप चावला असन तं पहिले दवाखाना, मंग इथी. आन् समजलं नाई तं नाई समजलं म्हणा. त्यात काई लाज नाई."

 पाटी तिनं त्याच संध्याकाळी लिहिली, आणि पत्र पुन्हा नेऊन दिलं नाही. पण ते नंतर. त्या वेळी ती खाली मान घालून फळीवरची धूळ पुसत होती.

"आणखी एक," तो हळू म्हणाला. "मी आयकलं. सगळं."

"मला वाटलंच."

"मंग दवाखान्यात आल्या काऊन नाई?"

"भीती वाटली."

"माही?"

"तुम्ही हसाल याची."

तो हसला नाही. "नदीवर याचं म्हटलं होतं तुमी. पाणी उतरलं आता. येत्या इतवारी या."

आणि ती गेली. दसरा होऊन गेला होता, वैनगंगा निवळली होती, काठाची वाळू उघडी पडायला लागली होती. रुखमाबाईंनी तिला घरात बोलावून चहा दिला. घरात दोन नव्या खाटा दिसत होत्या, वर मच्छरदाण्या. गावातल्या बारा घरी आता खाटा आल्या, बाकीच्यांच्या मागे तो लागला आहे, असं डोमाजींनी सांगितलं. मग धनराज तिला डोंग्यात बसवून पाण्यावर घेऊन गेला. धुकं नव्हतं, टळटळीत दुपार होती. डिंपलला पोहता येत नव्हतं. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून ती बसली.

मधोमध आल्यावर त्यानं बांबू आत ओढून घेतला.  तिला आता कळलं की इथवर येताना तो एकदाही हसला नव्हता.

"एक सांगू? घरी कोणाले नाई सांगतलं," तो म्हणाला. "मले झोप येत नाई. डोये मिटले का वाटते, पुन्हा उघडणार नाई. त्या मशीनवर असंच होतं… आतून दार लावल्यावानी. रात्रभर खाटेवर जागाच राहतो. आईले वाटते झोपलो. दीड महिना झाला."

त्याचे डोळे लाल होते. बसमध्ये हसत हसत मरायला निघालेला तो माणूस आता पाण्यावर बसून थरथरत होता. डिंपलला त्याच्यासाठी काही शहाणं बोलावं असं वाटलं, आणि तिनं ते बोलायचं टाळलं.

"झोपा," ती म्हणाली. "आत्ता. इथेच. मी जागी आहे."

"डोंगा वाहत जाईन."

"जाऊ दे."

"तुमाले चालवता येते?"

"नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग डोंग्याच्या तळाशी, जाळ्यावर, डोकं तिच्या पायांजवळ ठेवून आडवा झाला. डोळे मिटले. दोनदा दचकून उघडले. ती तिथेच होती. तिनं कडेवरचा एक हात सोडला आणि तो त्याच्या कपाळावर ठेवला. तिसऱ्यांदा डोळे मिटले ते उघडले नाहीत.

डोंगा हळूहळू फिरत प्रवाहाबरोबर निघाला. गाव मागे पडलं. डोमाजींचं घर आधी काडेपेटीएवढं झालं, मग वळणाआड गेलं. एकदा पाण्याखालचा खडक घासून खरखर आवाज झाला, सगळा डोंगा एका बाजूला कलला, आणि डिंपलनं ओठ दातांखाली दाबून धरले, पण आवाज काढला नाही. त्याची छाती वर जात होती, खाली येत होती, कुणीही न दाबता. तिची नजर तिथून हलली नाही. शेवटी डोंगा एका वाळूच्या बेटाला जाऊन अलगद टेकला आणि थांबला. ऊन कललं. तिच्या पायांना मुंग्या आल्या. तिनं पाय हलवले नाहीत.

तो उठला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. आधी आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना.

"किती वेळ झोपलो?"

"दोन तास असतील."

त्यानं नदीकडे पाहिलं, बेटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "इतक्या दूर आलो. तुमाले भेव नाई लागलं?"

"लय लागलं," डिंपल म्हणाली.

"मंग उठवलं काऊन नाई?"

 तो उठून बसला, तिचा हात हातात घेतला आणि तळव्यावर डोंग्याच्या कडेचे उमटलेले वळ बघत राहिला.

"असं रोज बसावं लागन," तो म्हणाला. "चालन का?"

कुरखेड्याला बाप काय म्हणतील, जातीतले काय म्हणतील, रुखमाबाई तरी मनापासून हो म्हणतील का… सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि पोटात तो ओळखीचा गोळा उठला. या वेळी तिनं घाई केली नाही. पुरतं विचारून पाहिलं स्वतःला. मग म्हणाली, "चालेल."

तेव्हा कुठे तो हसला.

मग दोघं गुडघाभर पाण्यात उतरले आणि डोंगा वाळूतून ढकलून पुन्हा पाण्यात नेला. प्रवाहाविरुद्ध परत जायला बराच वेळ लागणार होता.